सही करण्याआधी पाणी सोडून बघा
वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं: अग्निसुरक्षेतलं हंगामी काम

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीचा मालक किंवा भोगवटादार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेतलेलं प्रमाणपत्र अग्निशमन दलाला देतो. त्यालाच सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. या दोन महिन्यांत एजन्सींना माणसं कमी पडतात. जुलैमागोमाग गणपतीचे मांडव येतात आणि कारखान्यांची शटडाऊनही (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याचे दिवस) अधूनमधून निघत असतात. करारावर, दोन-तीन महिन्यांसाठी अशा कामाला जाणाऱ्या तरुणांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

बारावी विज्ञान झाल्यावर खासगी संस्थेतून एक वर्षाचा फायर अँड सेफ्टी डिप्लोमा केला. पुण्यातली एक एजन्सी रुग्णालयांच्या फायर ऑडिटसाठी तीन महिन्यांच्या करारावर घेते आहे. जावं का? पुढे महापालिकेच्या अग्निशमन दलात जायचं आहे. (सोलापूर)

जा. मात्र या डिप्लोम्यावर महापालिकेत लागाल असं गृहीत धरू नका. अग्निशामक पदाच्या जाहिराती नीट वाचा. त्यांत बहुधा मुंबईत कलिनाला असलेल्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मागितलेला असतो. अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे अभ्यासक्रम आहेत. अभियांत्रिकीची चार वर्षांची फायर शाखाही तिथेच आहे. खासगी डिप्लोमा कारखान्यात किंवा एजन्सीत दार उघडून देतो, सरकारी भरतीत त्याचा उपयोग होईलच असं नाही. हे तीन महिने संपायच्या आत कलिनाच्या प्रवेशाची तयारी सुरू करा.

रुग्णालयाचं काम इतर इमारतींपेक्षा वेगळं असतं. ऑडिटमध्ये नियमाप्रमाणे काय आहे आणि काय नाही ते पाहतात. जोखीम मूल्यमापनात एक पायरी पुढे जावं लागतं: आग कुठे लागू शकते, त्या वेळी तिथे कोण असेल आणि ते कसे बाहेर पडतील. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा बाळं गेली. स्वतःच्या पायांनी बाहेर पडू न शकणारे रुग्ण हा अशा ठिकाणच्या मूल्यमापनाचा पहिला मुद्दा असायला हवा. म्हणून दिवसा दुपारी पाहणी करून भागत नाही. रात्रपाळीला त्या कक्षात किती परिचारिका असतात, ते आकड्यात लिहा. अतिदक्षता विभागातले रुग्ण जिन्याने उतरवता येत नाहीत. त्यांना त्याच मजल्यावर, आगरोधक दारापलीकडच्या भागात सरकवायचं असतं. ते दार खाट घेऊन ओलांडता येतं का आणि आपोआप बंद होतं का, ते स्वतः करून पाहा. ही दारं खाली विटेचा तुकडा अडकवून उघडी ठेवलेली सर्रास दिसतात. ऑक्सिजनचा मजल्यावरचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे रात्रपाळीच्या परिचारिकेलाच विचारा. तिला सांगता आलं नाही तर तेही अहवालात आलं पाहिजे. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर वॉर्मर, पंप आणि मॉनिटर जोडलेले दिसले तर फोटो काढा.

जुलैच्या हंगामात एका एजन्सीकडे लागलो आहे. रोज वीस-वीस सोसायट्या 'करायच्या' असतात. सुपरवायझर म्हणतो, एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात बघ, पंप रूमचा फोटो काढ आणि तपासणीच्या कागदावर सही कर. हे बरोबर आहे का? (ठाणे)

नाही. पंधरा मजली इमारत नीट तपासायला दोन माणसांचा निम्मा दिवस सहज जातो. फॉर्म बीवर सही परवानाधारकाचीच लागते, ती तुम्ही कधीच करू नका. पण खालच्या तपासणीच्या कागदावर तुमचं नाव असतं, आणि उद्या चौकशी झाली तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

सुरुवात पंप रूमपासून करा. पॅनेलवरचे स्विच 'ऑटो'वर आहेत का ते आधी पाहा. रात्री हूटर वाजतो किंवा जॉकी (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू होतो म्हणून वॉचमन ते 'मॅन्युअल'वर टाकून ठेवतात. हाच सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक दोष आहे. मग एक लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मजल्यावरच्या हायड्रंटचा (आगीच्या नळाचा) व्हॉल्व्ह, थोडासा उघडा. दाब उतरला की आधी जॉकी पंप आणि दाब आणखी उतरला की मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. दोन्ही कोणत्या दाबाला सुरू झाले ते गेजवर वाचून लिहा. जॉकी आपोआप बंद होतो. मुख्य पंप मात्र हातानेच बंद करायचा असतो. तो आपोआप थांबत असेल तर जोडणी चुकली आहे. कुठलाही व्हॉल्व्ह न उघडता जॉकी दर काही मिनिटांनी चालू होत असेल तर कुठेतरी गळती आहे: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसत नसेल, पंपाची ग्लँड गळत असेल किंवा जमिनीखालची लाइन गंजली असेल. डिझेल पंप असेल तर मेन स्विच पाडून तो सुरू करून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली निघते. टाकीत पाणी किती आहे तेही झाकण उघडून पाहा. आगीसाठी राखीव पाणी वापराच्या टाकीतून ओढलं जातं, ही नेहमीची गोष्ट आहे.

नंतर गच्चीवर किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर जा. तिथल्या हायड्रंटला गेज लावा, होज जोडा आणि पाणी वाहत असताना दाब वाचा. तो ३.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या खाली जाता कामा नये. पाणी न सोडता वाचलेला दाब फसवतो. राइजर (वर पाणी नेणारा उभा पाईप) अर्धा चोंदलेला असला तरी बंद व्हॉल्व्हवर काटा छान वर दिसतो, पाणी सोडलं की तो कोसळतो. ही एकच चाचणी करायला वेळ मिळाला तर हीच करा.

उतरताना प्रत्येक मजल्यावर होज बॉक्स उघडा. ६३ मिलिमीटरचे, पंधरा-पंधरा मीटरचे दोन होज आणि ब्रँच पाईप (होजच्या टोकाला लावायची नोझलची नळी) हवा. पितळी नोझल चोरीला जातात, त्यामुळे पेटी बंद दिसली म्हणून पुढे जाऊ नका. व्हॉल्व्हचं चाक फिरतं का पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला स्पिंडल आगीच्या वेळी फिरत नाही. होज रील शेवटपर्यंत ओढून सर्वांत लांबच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचते का तेही बघा.

एक्स्टिंग्विशरबद्दल सुपरवायझर अर्धंच सांगतो आहे. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असूनही आतली पावडर दगड झालेली असू शकते. सिलिंडर उलटा करा आणि पावडर सरकते का याचा अंदाज घ्या. सीओटूच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजनावर तपासायचा. साडेचार किलोच्या सिलिंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं. त्यात साडेचार किलो मिळवा आणि वजनकाट्यावर ठेवा. दहा टक्क्यांपेक्षा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमपेक्षा जास्त गॅस कमी निघाला तर भरायला पाठवा. आयएस २१९० या भारतीय मानकाप्रमाणे पावडरच्या सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी, सीओटूची दर पाच वर्षांनी होते. आयुष्य अनुक्रमे दहा आणि पंधरा वर्षं. उत्पादनाचं वर्ष सिलिंडरवर कोरलेलं पाहा, चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबू नका.

जे तपासलं नाही त्यापुढे 'तपासलं नाही' असं लिहा आणि कारण द्या: 'पंप रूमची किल्ली मिळाली नाही', 'रहिवाशांनी पाणी सोडू दिलं नाही'. असा कागद एजन्सीला आवडणार नाही, तरी तुमच्या बचावाचा तोच आहे. सुपरवायझरला तोंडी विरोध करण्यापेक्षा त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून कळवा: 'अमुक इमारतीत वरच्या मजल्याचा दाब घेतलेला नाही.' एवढ्यानेही दबाव येत राहिला तर ती एजन्सी सोडा. हंगामात दुसरीकडे काम मिळतं.

मांडव कॉन्ट्रॅक्टरने मंडळाच्या मांडवाचं आगीच्या दृष्टीने मूल्यमापन करायला सांगितलंय. मांडव १५ बाय ३० मीटर. हिशोब कसा मांडायचा? (कोल्हापूर)

क्षेत्रफळ ४५० चौरस मीटर. लोक उभे किंवा खुर्च्यांवर दाटीने असतील तर माणशी ०.६५ चौरस मीटर धरा. साधारण ६९० माणसं होतात. सपाट जमिनीवरच्या वाटेला माणशी साडेसहा मिलिमीटर रुंदी धरली तर एकूण साडेचार मीटर रुंदी लागते. ती एका मोठ्या कमानीत देऊ नका. दीड मीटरच्या किमान तीन वाटा वेगवेगळ्या बाजूंना ठेवा आणि जमलं तर चौथी द्या, कारण आग त्यांतल्याच एका वाटेशी लागू शकते. २३ डिसेंबर १९९५ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभाच्या मांडवात नेमकं तेच झालं. सिंथेटिक कापडाचा मांडव, आग दाराकडे लागलेली आणि दुसरी वाट नाही. चारशेवर माणसं, बरीचशी मुलं, त्यात गेली. मांडवाच्या कुठल्याही जागेवरून बाहेरची वाट १५ मीटरच्या आत यायला हवी. गाभारा, सजावट आणि देणगीचं टेबल मांडल्यावर ही अंतरं पुन्हा टेपने मोजा. मोकळ्या मांडवात मोजलेलं अंतर चालण्याचं अंतर नसतं.

छताची उंची किमान ३ मीटर. विजेच्या तारेखाली मांडव नको. ट्रान्सफॉर्मर सबस्टेशन, भट्टी, धुरांडं यांपासून १५ मीटर. पाणी प्रति चौरस मीटर ०.७५ लिटर, म्हणजे तुमच्या मांडवाला ३३७.५ लिटर. दोनशे लिटरची दोन पिंपं आणि बादल्या ठेवा. या साऱ्याचा आधार आयएस ८७५८ आहे.

कापडाचा एक चिंधीएवढा तुकडा मांडवाबाहेर, पाण्याच्या बादलीवर, चिमट्यात धरून बारा सेकंद काडीच्या ज्योतीत ठेवा. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत तो विझला पाहिजे आणि जळते थेंब गळता कामा नयेत. सुती कापडाला आगरोधक द्रावण देता येतं: वजनाने अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार १, बोरिक ॲसिड १, तुरटी २ आणि पाणी ३५ भाग. कापड बुडवून पूर्ण वाळवायचं. गणपती पावसाळ्यात येतात आणि पावसाने हे द्रावण धुऊन जातं, म्हणून भिजलेल्या कापडाला पुन्हा द्या. सिंथेटिक कापडाला त्याचा उपयोग नाही, ते बदलायलाच सांगा.

वीज: प्रत्येक बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावायला सांगा. बटण दाबून तो पडतो का बघा. पीळ देऊन टेप गुंडाळलेले वायरचे जोड सैल पडतात, तापतात आणि कापडाला टेकलेले असले तर तिथूनच पेट घेतात. सगळी रोषणाई लावून तासाभराने केबलला हात लावून बघायचा मोह टाळा. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजा आणि केबलच्या क्षमतेशी ताडा. जनरेटर आणि त्याचं डिझेल मांडवाबाहेर, लोकांच्या वाटेपासून दूर.

रसायनीच्या एका कंपनीत शटडाऊनला फायर वॉचर म्हणून वीस दिवस मिळालेत. काम नेमकं काय? (खोपोली)

वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा ग्राइंडिंग चालू असताना ठिणग्यांवर नजर ठेवणं, एवढंच. म्हणून दुसरं काम अंगावर घेऊ नका. 'जरा पाईप धर' म्हटलं तरी नाही म्हणा.

परमिट, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी, स्वतः वाचा. जागा, वेळ, गॅसची नोंद तुमच्यासमोरची आहे का पाहा. गॅस तपासताना आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील गॅस, मग विषारी वायू हा क्रम असतो. कारण ज्वलनशील गॅस मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो, तो कमी असेल तर मीटर खोटा शून्य दाखवतो. जेवणाच्या सुट्टीनंतर काम सुरू करण्याआधी पुन्हा चाचणी मागा.

११ मीटरच्या परिघातलं जळण्याजोगं सारं हलवा, जे हलत नाही ते फायर ब्लँकेटने झाका. गटारांची तोंडं बंद करा. वर जाळीचा प्लॅटफॉर्म असेल तर ठिणग्या दोन मजले खाली पडतात, तिथे दुसरा माणूस मागा. भिंतीच्या किंवा टाकीच्या पलीकडची बाजूही तापते. काम संपल्यावर किमान अर्धा तास, परमिटात तास लिहिला असेल तर तासभर, जागा सोडायची नाही. कचऱ्यात किंवा इन्सुलेशनमध्ये गेलेली ठिणगी धुमसत राहून उशिरा पेटते. २५ मे २०२४ला राजकोटच्या गेम झोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आग लागली, इंधन जवळच साठवलेलं होतं, २७ जण गेले. काही चुकतंय असं वाटलं की काम थांबवा. तो अधिकार फायर वॉचरला असतो, आणि पहिल्याच दिवशी सेफ्टी ऑफिसरकडून तो सर्वांसमोर वदवून घ्या.

मुलींना या क्षेत्रात घेतात का? (अमरावती)

घेतात. हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि तिथून शिकून ओएनजीसीच्या अग्निसेवेत गेल्या. ऑडिट आणि मूल्यमापनाच्या कामात तर शारीरिक निकषांचाही अडसर नाही. बेसमेंट आणि पंप रूममध्ये मात्र एकटीने जाऊ नका. जोडीदार द्यायला एजन्सीला सांगा, हा नियम मुलांनाही तितकाच लागू आहे.

तीन महिन्यांच्या कामाला पीएफ, विमा वगैरे मिळतो का? (नाशिक)

कंत्राटदाराला पीएफचा कायदा लागू असेल तर काम हंगामी आहे म्हणून तो टाळता येत नाही. तुमच्या वाट्याचे १२ टक्के कापले जातात, यूएएन क्रमांक (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) घ्या आणि ते खरोखर जमा होतात का ते पासबुकात पाहा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या ठिकाणी पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुमच्याकडून ०.७५ टक्के जातात. ई-पेहचान कार्ड पहिल्याच आठवड्यात मागा, अपघात झाल्यावर ते काढायला धावाधाव होते. अनुभवाच्या दाखल्यात 'फायर टेक्निशियन' एवढंच नको. किती इमारती, कोणत्या प्रकारच्या, कोणत्या चाचण्या केल्या, ते लिहून घ्या. आणि दाखला शेवटचा पगार हातात येण्याआधी मागा.