वाचकांचे प्रश्न : आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक निवडताना

प्रश्न : पुस्तकावर ‘वय ९ ते १२’ असं छापलेलं असतं. तरी दहा वर्षांच्या मुलीला एखादं पुस्तक फारच सोपं जातं, तर एखाद्यात ती पहिल्या पानावरच अडते. घेण्याआधी कसं ओळखायचं?

उत्तर : छापलेल्या वयोगटावरून विषय कोणत्या वयाला रुचेल याचा अंदाज येतो. भाषा झेपेल की नाही, ते त्यावरून कळत नाही. पहिल्या पानावरूनही फसगत होते, कारण लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घेतलेली असते. त्यामुळे मधलंच एखादं पान उघडा आणि मुलीला शंभरेक शब्द मोठ्याने वाचायला सांगा. पाचपर्यंत शब्द अडले किंवा चुकले, तर ती एकटीने वाचेल. सहा ते दहा अडले तर सोबत कुणीतरी बसायला हवं. त्याहून जास्त अडले तर पुस्तक काही महिने बाजूला ठेवा, किंवा तुम्हीच वाचून दाखवा. परकी विशेषनामं या हिशेबात धरू नका, ती मोठ्यांनाही अडतात.

मग पुस्तक मिटून विचारा, ‘आत्ता काय झालं?’ कधी शब्द सगळे बरोबर येतात, पण सांगता काहीच येत नाही. अशा वेळी घोडं लांबलचक वाक्यांपाशी अडलेलं असतं, नाहीतर विषयाची आधीची ओळखच नसते. जाता जाता छपाईही पाहून घ्या. ओळी इतक्या दाट असतील की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांना टेकतात, तर चांगली गोष्टसुद्धा मुलं अर्ध्यावर सोडतात.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा एकाच रहस्यकथा-मालिकेतली पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतो. थांबवावं का?

उत्तर : नाही. मालिकेत पात्रं, जागा आणि कथेचा साचा ओळखीचा असतो, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष नव्या शब्दांकडे आणि वेगाकडे राहतं. वाचनाचा हात याच वयात बसतो.

पुढचं पुस्तक सुचवायचं असेल, तर या मालिकेत त्याला नेमकं काय आवडतं ते आधी काढून घ्या. कोड्यात रस असेल, तर सांकेतिक लिपी किंवा बोटांचे ठसे यांवरचं माहितीपर पुस्तक चालेल. मित्रांचं टोळकं आवडत असेल, तर रहस्य नसलेली पण तशाच टोळक्याची कादंबरी द्या. जीव टांगणीला लागणं आवडत असेल, तर खऱ्या मोहिमांकडे वळवा. ध्रुवीय प्रदेशांच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकलटन यांचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडून बुडालं, तरी त्यावरचे सगळे २८ जण जिवंत परतले. असं काही वाचताना हे गोष्टीचं पुस्तक नाही, याची आठवण मुलांना राहत नाही.

प्रश्न : माहिती मिळावी म्हणून जाडजूड चित्रकोश आणला, तो तसाच पडून आहे. माहितीपर पुस्तक कसं निवडावं आणि माहिती बरोबर आहे हे कसं तपासावं?

उत्तर : कोश हवं ते शोधून पाहण्यासाठी असतो, सलग वाचण्यासाठी नव्हे. या वयाला एकाच प्रश्नाच्या मागे लागलेलं ५०-६० पानांचं पुस्तक जास्त धरून ठेवतं. ‘समुद्र’ या विषयापेक्षा ‘खोल समुद्राच्या अंधारात प्राणी काय खातात’ हा विषय केव्हाही सरस.

पुस्तक मागून उघडा. शेवटी सूची आहे का? मुलाच्या मनातला एखादा खरा प्रश्न घेऊन सूचीतून ते पान गाठा आणि उत्तर मिळतं का ते बघा. सूची नसली म्हणजे पुस्तक लगेच वाईट ठरत नाही, पण शोधायची सवय त्यातून लागणार नाही. मग प्रकाशनाचा तपशील असलेलं पान वाचा. सुधारित आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे. पुनर्मुद्रणाची तारीख ताजी असली तरी आतला मजकूर जुनाच असतो. इतिहासात हे काही वेळा खपून जातं, अवकाशाच्या पुस्तकात मात्र नाही. २००६ पासून प्लूटोची गणना ग्रहांत होत नाही, म्हणून ‘नऊ ग्रह’ दिसले की पुस्तक ठेवून द्या. शनीच्या चंद्रांची मान्य संख्या तर २०२५ च्या मार्चमध्ये एकदम १२८ ने वाढून २७४ झाली. त्यामुळे असा आकडा देताना त्याचं सालही देणारा लेखक भरवशाचा.

चुका ओळखायच्या काही ठरलेल्या जागा आहेत. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू दाखवणारा नकाशा चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्याच चव घेणाऱ्या भागांना कळतात. अन्नसाखळीतला बाण गवताकडून सशाकडे हवा, कारण तो ऊर्जा कुठे जाते ते दाखवतो. ‘कोण कोणाला खातं’ या हिशेबाने तो उलटा काढलेला हमखास सापडतो. सूर्यमालेच्या चित्राखाली ‘आकार व अंतरं प्रमाणात नाहीत’ ही ओळ शोधा. पृथ्वी १ सेंटिमीटरची धरली, तर सूर्य सुमारे १०९ सेंटिमीटरचा होतो आणि जवळपास ११७ मीटर दूर जातो. ते पानावर मावणारच नाही, पण तसं सांगायला तर हवं.

प्रश्न : मुलांसाठीच्या चरित्रांत पानोपानी संवाद असतात. याला माहितीपर म्हणायचं की गोष्ट?

उत्तर : लेखकाला हे बोलणं कुठून कळलं, ते पाहा. पत्र, रोजनिशी, मुलाखत असा आधार असेल, तर चांगला लेखक प्रस्तावनेत किंवा शेवटी तसं नोंदवतो. आधार नसेल तर पुस्तक कथांच्या कप्प्यात ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. मात्र नायक पाळण्यापासूनच थोर असलेली चरित्रं टाळा. मुलांना ती खोटी वाटतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत. शब्द अडत नाहीत. द्याव्यात का?

उत्तर : शब्द झेपले म्हणजे आशय झेपेलच असं नाही. या वयाच्या मुलांना आपल्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा नायक आवडतो, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या पात्रांच्या कादंबऱ्यांपासून सुरुवात करा. मृत्यू, भांडण, अन्याय या विषयांना घाबरू नका. अशा प्रसंगानंतर पात्राला बोलायला कुणी मिळतं का, की लेखक त्याला तिथेच सोडून देतो, एवढं पाहा. शंका असेल तर शेवटची दोन प्रकरणं आधी स्वतः वाचा आणि पुस्तक तिच्यासोबतच वाचायला घ्या.