ढोलाशिवायचा ठेका

प्रश्न : तंतुवाद्यांवर वाजणाऱ्या ‘ब्लूग्रास’ या अमेरिकी लोकसंगीताच्या एका वाद्यवृंदाच्या मैफलीचे चित्रीकरण पाहिले. ढोल किंवा ड्रम नसतानाही एवढ्या द्रुत लयीत कोणाचाही ताल कसा सुटत नाही? शिवाय सारे वादक एकाच मायक्रोफोनभोवती सतत पुढे-मागे का होत होते?

उत्तर : आपण नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. ब्लूग्रासमध्ये ठेका कोणा एकाच्या स्वाधीन नसतो, तो सर्वांनी वाटून घेतलेला असतो. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी उभ्या बासवर (खर्ज सुरांच्या, उभ्या धरायच्या मोठ्या तंतुवाद्यावर) वाजते, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवादक ‘चॉप’ देतो. चॉप म्हणजे तारा दाबून आघात करायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे सैल सोडायची. सूर जागीच विझतो आणि ‘चक्’ एवढाच कोरडा आवाज उरतो. ड्रमचे काम हा आवाज करतो. मँडोलिनची स्वतंत्र वादनाची पाळी आली, की चॉप थांबतो आणि ती पोकळी बँजो (गोल तबकडीचे, लांब मानेचे तंतुवाद्य) किंवा फिडल (व्हायोलिन) न सांगता भरून काढते. मला स्वतःला ही देवघेव कोणत्याही वेगवान तुकड्यापेक्षा अधिक थक्क करते.

या शैलीचे जनक मानले जाणारे अमेरिकेच्या केंटकी राज्यातले बिल मन्रो स्वतः मँडोलिनवादक होते. १९३९ मध्ये ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले, आणि १९४५ च्या अखेरीस बँजोवादक अर्ल स्क्रग्ज त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वृंदात आल्यावर या संगीताला आज ओळखले जाणारे रूप आले. स्क्रग्ज अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीनच बोटांनी बँजो वाजवत. आठ समान आघातांचे बहुधा तीन, तीन आणि दोन असे गट पडतात, त्यामुळे वजन सतत सरकत राहते आणि त्या अखंड सरीतूनच गाण्याची चाल वर उमटते. गिटार मात्र बहुतांशी साथच करते, ओळ संपताना खालच्या तारांवरून चढत जाणारी एक छोटी सुरावट तेवढी तिची हक्काची असते.

एकाच मायक्रोफोनची पद्धत रेडिओच्या काळातली असून ब्लूग्रास गायक डेल मकौरी यांच्या वृंदाने ती अलीकडच्या काळातही आवर्जून चालवली. तिथे आवाजाचा समतोल वादकांच्या पावलांनी साधला जातो. ज्याची पाळी असेल तो पुढे येतो, आधीचा बाजूला सरतो, आणि वरच्या पट्टीत गाणारा जोडीदार मुख्य गायकाच्या अगदी गालाशी येऊन सूर मिसळतो. फिडलचा गज आणि बँजोची लांब मान एकमेकांना लागू नयेत, म्हणून कोणी कोणत्या बाजूने यायचे हेही सरावात बसवावे लागते.

ते चित्रीकरण पुन्हा पाहाल, तेव्हा पुढे आलेल्या वादकाऐवजी मागे सरलेल्या मँडोलिनवादकाचा डावा हात पाहावा. बोटे दर दुसऱ्या मात्रेला जराशी उचललेली दिसतील.