गळकं बाथरूम, हरवलेलं मशीन आणि अडवलेला पगार

प्रश्न : नाशिकमध्ये माझा प्लंबिंग आणि बाथरूम नूतनीकरणाचा व्यवसाय आहे. हाताखाली सहा माणसं आहेत. त्यातल्या एका कारागिराला महिना २४,००० रुपये पगार होता. एका फ्लॅटमध्ये त्याने कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतली, पाइपलाइन टाकली आणि प्रेशर टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन गळतीची तपासणी, न करताच भिंत टाइल्सवाल्यांच्या ताब्यात दिली. पुढे सांधा गळला. खालच्या फ्लॅटचं पीओपी आणि फर्निचर खराब झालं. ग्राहक १,४०,००० रुपये मागतो आहे. त्याच साइटवरून माझं हॅमर मशीनही गेलं, चार वर्षांपूर्वी १७,५०० रुपयांना घेतलेलं. मशीन ठेवलेल्या खोलीची एक किल्ली या कारागिराकडे आणि दुसरी टाइल्सवाल्यांकडे होती. मी त्याचा शेवटच्या महिन्याचा पगार थांबवला, आधार कार्ड ठेवून घेतलं आणि ‘सर्व नुकसान भरून देईन’ असं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. ८,००० रुपयांची उचलही बाकी आहे. तीन आठवड्यांपूर्वी तो काम सोडून गेला. आता कामगार आयुक्तांकडे जाईन म्हणतो. चोरीची तक्रार देऊ का? आणि नुकसान वसूल कसं करू?

उत्तर : सगळ्यात आधी त्याचं आधार कार्ड आजच परत करा आणि परत केल्याची सही घ्या. ते अडवून ठेवण्याचा तुम्हाला कसलाही अधिकार नाही. उद्या प्रकरण कामगार कार्यालयात गेलं, तर तुमचं खरोखर नुकसान झालं आहे याकडे कोणी बघण्याआधी हे कार्डच समोर येईल.

तुमचा राग मला समजतो. सहा माणसांच्या धंद्यात एक लाख चाळीस हजार ही लहान रक्कम नाही, आणि चूक त्याचीच आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. पण तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच हिशेबात ओढल्या आहेत : उचल, मशीन आणि बिघडलेलं काम. कायदा या तिघांकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतो, म्हणून त्या सुट्या करू.

‘वेतन संहिता, २०१९’ २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याआधी १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता आणि तो ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांनाच लागू व्हायचा. संहितेत ती मर्यादा नाही. माणूस रोजावर असो की पगारावर, नेमणुकीचं पत्र दिलेलं असो वा नसो, तो तिच्या कक्षेत येतो. संहितेच्या कलम १८ मध्ये पगारातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते याची यादी आहे. त्या यादीत न बसणारी प्रत्येक कपात बेकायदा. आणि एक बारकावा अनेक मालकांना माहीत नसतो : कामगाराने तुम्हाला रोख आणून दिलेले पैसेसुद्धा कपातच धरले जातात. त्यामुळे ‘पगार पूर्ण दिला, मग त्याने स्वतःहून भरपाई दिली’ ही वाट उपयोगाची नाही.

बिघडलेल्या कामापासून सुरू करतो, कारण मोठा आकडा तिथे आहे. यादीत नुकसानीचं कलम आहे, पण ते अशा मालाबद्दल आहे जो कामगाराच्या ताब्यात सांभाळण्यासाठी स्पष्टपणे सोपवलेला होता, किंवा अशा पैशांबद्दल ज्यांचा हिशेब त्याने द्यायचा होता. खालच्या फ्लॅटचं पीओपी त्याच्याकडे सांभाळायला दिलेलं नव्हतं. म्हणजे हे १,४०,००० रुपये त्याच्या पगारातून एका रुपयानेही कापता येणार नाहीत. मग दंड? दंडाची तरतूद आहे, पण कोणत्या चुकांसाठी दंड होईल याची यादी शासनाची मान्यता घेऊन आधी लावलेली असावी लागते, कामगाराला म्हणणं मांडू द्यावं लागतं, आणि त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. २४,००० वर ते होतात ७२० रुपये. शिवाय दंडाचे पैसे मालकाच्या खिशात जात नाहीत, ते कामगारांच्याच हितासाठी वापरायचे असतात.

दिवाणी दावा करून निष्काळजीपणाची भरपाई मागता येते का? कागदावर येते. पण मी तुम्हाला तो सल्ला देणार नाही. भिंत बंद होण्याआधी टेस्ट झाली की नाही हे बघणं मालक म्हणून तुमचंही काम होतं, आणि न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील. नफा तुमचा असतो तेव्हा कामातल्या चुकीचा धोकाही मुख्यतः तुमचाच असतो. ज्याच्या महिन्याच्या पगारावर घर चालतं, त्याच्याकडून सहा महिन्यांच्या कमाईएवढी रक्कम वसूल करू म्हणणं मला कायद्यानेही पटत नाही आणि माणूस म्हणूनही पटत नाही.

आता मशीन. इथे मात्र तुमची बाजू उभी राहू शकली असती. अवजार हा सोपवलेला माल असू शकतो. पण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : ते त्याच्याच ताब्यात दिलं होतं, ते गेलं ते थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे, आणि कपातीआधी तुम्ही त्याला खुलासा करण्याची संधी दिली होती. तुमच्याकडे नोंदवही नाही, खोलीला दोन किल्ल्या होत्या, दुसरी परक्या ठेकेदाराच्या माणसांकडे होती, आणि नोटीस तर दिलेलीच नाही. पहिल्याच मुद्द्यावर अडखळाल. रक्कमही १७,५०० धरता येणार नाही, कारण कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असू नये असं कायदा सांगतो. चार वर्षं वापरलेल्या मशीनला आज बाजारात सात-आठ हजार आले तरी पुष्कळ. माझं मत स्पष्ट आहे : या मशीनचा नाद सोडा.

उचल मात्र तुमची आहे. आगाऊ दिलेली रक्कम पगारातून वळती करता येते, फक्त एका महिन्याच्या एकूण कपाती पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. २४,००० मधून ८,००० वजा केले की १६,००० उरतात. हे १६,००० रुपये त्याला लगेच द्या, बँकेतून द्या, सोबत हिशेबाचा कागद द्या. खरं तर उशीर झालाच आहे. काम सोडल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा पगार चुकता करायचा असतो, तुम्ही तीन आठवडे लावलेत. चालू महिन्यात त्याने काही दिवस भरले असतील तर त्यांचाही पगार त्यात धरा.

तो तक्रार करेल म्हणून घाबरून पैसे द्या असं मी सांगत नाही. ते त्याच्या घामाचे आहेत म्हणून द्या. तरीही परिणाम माहीत असावेत. कामगाराला तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. दावा मंजूर झाला तर थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते, आणि पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कमी पगार दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत वेगळा दंडही आहे.

तो स्टॅम्प पेपर फाइलमध्ये राहू दे, त्याच्या जोरावर काही मागू नका. देय पगारावरचा हक्क सोडून देणारा करार संहितेच्या कलम ६० नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. आणि पगार व आधार कार्ड तुमच्या हातात असताना घेतलेली सही त्याने राजीखुशीने केली होती, असं तुम्ही कोणाला पटवणार?

पोलीस तक्रारीबद्दल सावध करतो. नोकराने केलेली चोरी किंवा विश्वासघात हे भारतीय न्याय संहितेत गंभीर गुन्हे आहेत, सात वर्षांपर्यंत शिक्षेचे. पण दोन्हींत अप्रामाणिक हेतू लागतो. मशीन कोणी नेलं हे तुम्हाला माहीत नाही. त्याने पगार मागितल्यावर तुम्ही चोरीचा आळ घेतलात, तर तक्रारीमागचं कारण सगळ्यांना दिसेल. इजा करण्याच्या हेतूने, आरोपाला काही आधार नसल्याचं माहीत असताना कोणावर गुन्ह्याचा आरोप करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मशीन साइटवरून गेलं एवढीच घटना, कोणाचं नाव न घालता, पोलिसांत नोंदवा. बिल आणि मशीनवरचा सीरियल नंबर जोडा. किल्ल्या कोणाकोणाकडे होत्या हे विचारलं तर खरं सांगा.

तुमची खरी शक्ती ग्राहकाच्या प्रकरणात लावा. ग्राहकापुढे जबाबदार तुम्हीच आहात. ‘माझ्या माणसाने केलं’ हे उत्तर तिथे चालत नाही, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी तो दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पण जबाबदार असणं म्हणजे मागेल तो आकडा देणं नव्हे. त्याच्याकडून बाबवार लेखी मागणी घ्या : पीओपी किती, रंग किती, फर्निचर किती, टाइल्स उकरून पुन्हा बसवण्याचे किती. स्वतः जाऊन फोटो काढा. जुन्या कपाटाच्या जागी नव्या कपाटाची किंमत देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. गळती कळल्यावरही बाथरूम वापरत राहिले असतील, तर त्यामुळे वाढलेलं नुकसान पूर्णपणे तुमच्या अंगावर येत नाही. कराराच्या कायद्याचं कलम ७३ नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी माणसाने काय करायला हवं होतं, हेही बघतं. पाइपची दुरुस्ती मात्र वाद मिटण्याची वाट न बघता या आठवड्यात करून टाका, लाइन प्रेशरवर ठेवून दाखवा आणि ग्राहकाची सही घ्या.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. नुकसान वरच्या ग्राहकाचं कमी आणि खालच्या फ्लॅटवाल्याचं जास्त आहे. तुम्ही फक्त वरच्याशी मिटवलंत, तर खालचा उद्या तुमच्यावर स्वतंत्रपणे दावा करू शकतो. तडजोडीच्या कागदावर दोघांच्याही सह्या हव्यात, आणि ‘या गळतीबद्दल आता काही मागणी उरली नाही’ हे वाक्य त्यात हवं.

राहिलेल्या पाच माणसांसाठी एक वही घाला. मशीनचं नाव, नंबर, तारीख, कोणी नेलं, कोणी परत आणलं, सही. एका खोलीची किल्ली एकाच माणसाकडे, आणि त्याचीही नोंद. यापुढे काही हरवलं तर सात दिवसांची लेखी नोटीस द्या, खुलासा ऐका, मगच प्रत्यक्ष किमतीएवढी आणि ५० टक्क्यांच्या आत कपात करा, आणि ती नोंदवहीत लिहा. प्रेशर टेस्टच्या वेळी गेजवर, म्हणजे दाब मोजणाऱ्या मीटरवर, आकडा दिसतो असा फोटो तुमच्या फोनवर आल्याशिवाय भिंत टाइल्सवाल्यांना द्यायची नाही, हा नियम मराठीत आणि कारागिरांच्या भाषेत लिहून साइटवर लावा. वर्षाकाठी विमा एजंटकडे साइटवरच्या कामासाठी त्रयस्थांच्या नुकसानीचं संरक्षण आणि अवजारांसाठी चोरीचा विमा, दोन्हींचं कोटेशन मागा. पॉलिसीत पाण्याच्या गळतीचं नुकसान वगळलेलं नाही ना, एवढं सही करण्यापूर्वी वाचून घ्या.

कामगार कार्यालयाचं बोलावणं आधीच आलं असेल, तर टाळू नका. १६,००० रुपये भरल्याची बँकेची नोंद, उचलीची पावती आणि आधार कार्ड परत दिल्याची सही घेऊन त्या तारखेला हजर राहा.