ब्रश करूनही हिरड्यांतून रक्त येतं, फ्लॉस केला की आणखी येतं. फ्लॉस सोडू का?

सोडू नका. तुम्ही लिहिलंय की दोन वेळा ब्रश करता तरी रक्त येतं, डॉक्टरांनी फ्लॉस (दोन दातांच्या मध्ये फिरवायचा बारीक दोरा) सांगितला तर तो घातल्यावर जास्तच येतं, आणि घरचे म्हणतात दोऱ्यानं दातांत फटी पडतात. मी डॉक्टर नाही. पण अकरा वर्षांपूर्वी नेमकी इथेच चुकले आणि खालची एक दाढ घालवून बसले, म्हणून लिहितेय.

मलाही फ्लॉसची डबी मिळाली होती. तीन दिवस केला. चौथ्या दिवशी बेसिनमध्ये लालसर थुंकी पाहिली आणि डबी कपाटात गेली ती गेलीच. मला वाटलं, दोरा हिरडी कापतोय. पुढे दाढ हलायला लागल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की निरोगी हिरडीला दोरा नीट लावला तर रक्त येत नाही. हिरडी आधीच सुजलेली असते, तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून जरा धक्का लागला की रक्त दिसतं. ती सूज येते दातांच्या मध्ये साचलेल्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे. म्हणजे रक्त येतं म्हणून मी जी जागा साफ करायची सोडली, तीच जागा साफ व्हायला हवी होती.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे १९६५ साली हॅराल्ड लो या दंतसंशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. धडधाकट तोंडाच्या १२ जणांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग सफाई परत सुरू केली, तर आठवडा-दहा दिवसांत हिरड्या पूर्ववत. नुसती सूज असते तोवर माघारी फिरता येतं. ती आत उतरून दाताभोवतीचं हाड झिजलं की ते आपोआप परत भरून येत नाही. माझी दाढ किडलेली नव्हती बरं का, तिचा पायाच गेला होता.

ब्रशबद्दल म्हणाल तर तो दाताच्या पुढून, मागून आणि वरून फिरतो. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे त्याचे केस शिरत नाहीत. खळखळून चूळ भरली की अडकलेली शेपू निघते, थर नाही निघत, तो चिकटून बसलेला असतो. आमची आई बांगडीत सेफ्टी पिना अडकवून ठेवायची, जेवण झालं की त्यातली एक तोंडात. आजोबांकडे चांदीचं दातकोरणं होतं, त्याच कडीत कानकोरणंही (कोणतं कुठे जायचं देव जाणे). मटणाचा धागा, रायवळ आंब्याची रेषा यांना ते ठीक. पण दात कोरून पोट भरत नाही तसे दात साफही होत नाहीत, आणि पिनेनं हिरडीला जखम होते ती वेगळीच.

आता घरच्यांचा आक्षेप. फटी दोऱ्यानं पडत नाहीत. सुजलेली हिरडी फट झाकून असते, किटणानं, म्हणजे दातांवर साचून दगडासारख्या झालेल्या थरानं, उरलेली जागा लिंपलेली असते. सूज उतरली, किटण निघालं की मुळातली फट उघडी दिसते. माझ्या सासूबाई दात साफ करून आल्यावर कित्येक वर्षं म्हणत होत्या, "त्या डॉक्टरनं माझे दात विरळ केले."

दोराच हवा असंही नाही. दात घट्ट लागून असतील तर दोरा. पण हिरडी खाली उतरून दोन दातांमध्ये त्रिकोणी जागा दिसत असेल तर इंटरडेंटल ब्रश घ्या, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू असतं तसा. दाढांच्या मुळाला बाजूनं खाच असते. ताणलेला दोरा त्या खाचेवरून पुलासारखा निघून जातो, ब्रशचे केस आत पोचतात. २०१६ मध्ये अमेरिकेतून "फ्लॉसला भक्कम पुरावाच नाही" अशी बातमी आली होती, ती अजूनही व्हॉट्सॲपवर फिरते. पुरावा कमकुवत आहे हे खरंच, प्रयोग छोटे आणि थोड्या दिवसांचे होते. वेगवेगळे वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानंही पुराव्याचा भरवसा कमीच सांगितला, पण नुसत्या ब्रशपेक्षा जोडीला दोरा किंवा हे छोटे ब्रश वापरले तर हिरड्यांची सूज कमी होत असावी असा कल दिला, आणि छोटे ब्रश दोऱ्याच्या थोडे पुढेच असावेत असाही.

दोरा वीतभर घेऊ नका, हातभर घ्या, म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर. दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटीमीटर मोकळा ठेवा. हलकेच मागेपुढे करत खाली सोडा. जोर लावून खट्‌दिशी खाली आपटला तर मात्र तो हिरडी खरोखर कापतो, बहुतेकांचं इथेच बिघडतं. खाली गेल्यावर एका दाताला कवटाळून वर-खाली फिरवा, मग दुसऱ्या दाताला. शिवणाचा दोरा नको, मी तो उद्योग केलाय, तुटून आतच राहतो. छोटा ब्रश सरळ आत जायला हवा, दाबून घुसवायचा नाही, तार दाताला खरवडत असेल तर एक माप लहान घ्या. माझ्या तोंडात दोन मापं लागतात. पेस्ट लावायची गरज नाही. दिवसातून एकदा पुरे, मी रात्री करते.

पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल, मग कमी होत जायला हवं. दोन आठवड्यांनीही तसंच असेल तर परत डॉक्टरांकडे जा, बहुधा आत किटण आहे आणि ते दोऱ्यानं निघणारं नाही. रोज एकाच जागी अन्न अडकतंय किंवा दोरा एकाच ठिकाणी फाटतोय का, तेही बघा. तिथे बहुतेक कीड असते नाहीतर जुन्या फिलिंगची कड खडबडीत झालेली असते.

तुम्ही साखरेबद्दल काही लिहिलं नाही. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल आणि "माझ्या हिरड्यांतून तर थेंबही येत नाही" म्हणत असेल, तर त्यांनाही सोबत घेऊन जा. धुरामुळे रक्त कमी दिसतं, आतलं हाड तरीही झिजत असतं.