महिनाभर दारू बंद: पहिला प्रश्न निश्चयाचा नसतो

“महिनाभर बंद ठेवून काय होणार? एकतिसाव्या दिवशी पुन्हा सुरूच ना!” सल्ल्यासाठी आलेल्या ४२ वर्षांच्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार रात्री दोन-दोन पेग, शनिवारी चार, म्हणजे आठवड्याला बारा. कायमची सोडायची तयारी नव्हती, पण सकाळचा जडपणा आणि वाढलेला रक्तदाब यांनी ते धास्तावले होते.

निश्चयाचं बोलण्याआधी विचारायचं ते हे: दारू थांबवल्यावर हात थरथरतात का? दरदरून घाम येतो का? ती थरथर शमवायला सकाळीच घ्यावी लागते का? पूर्वी बंद केल्यावर फिट आली, भास झाले? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, किंवा रोज भरपूर पिणं असेल, तर एकदम बंद करायची नाही, आधी डॉक्टर. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. घरच्यांनी बाटल्या फेकून ‘आजपासून बंद’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं. या गृहस्थांनी मध्यंतरी तापात आठ दिवस थेंबही घेतला नव्हता आणि काही त्रास झाला नव्हता. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही, फक्त रक्तदाबाची गोळी मनाने थांबवू नका म्हणून बजावलं.

मग मोजणी. घरचा नेहमीचा ग्लास आणायला सांगितला आणि एका पेगला ओतता तेवढं पाणी ओता म्हटलं. मोजपात्रात ते ९० मिली भरलं. गृहस्थांनी पात्र डोळ्यांसमोर धरून पुन्हा पाहिलं. ६० मिलीचा एक पेग या हिशेबाने आठवड्याला ७२० मिली होत होती, प्रत्यक्षात १०८०. ४२.८ टक्क्यांच्या दारूत ९० मिली म्हणजे जवळपास ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.

तारीख ठरली, घरातला साठा हलला, आणि एक छोटी वही खिशात आली: तल्लफ कधी आली, कुठे, सोबत कोण, ० ते १० मध्ये किती. तल्लफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा, त्यासाठी जागा बदलायची, पाणी प्यायचं, जेवण लवकर घ्यायचं. उपाशीपोटी तल्लफ जास्त छळते.

चौथ्या रात्री फोन आला, “झोपच लागत नाही, मला दारूशिवाय जमायचं नाही.” बरेच जण इथेच सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते आणि स्वप्नांची झोप दबते. बंद केल्यावर ती उसळून वर येते. काही रात्री तळमळ होते, ठळक स्वप्नं पडतात, कधी दारू प्यायल्याचीही. एक-दोन आठवड्यांत बहुतेकांची झोप सुधारू लागते. यांची दहाव्या दिवसापासून सुधारली.

सतराव्या दिवशी एका समारंभात एक पेग घेतला आणि आता सगळं फुकट म्हणून आणखी दोन. नुकसान पहिल्या पेगने कमी केलं, ‘सगळं फुकट’ या विचाराने जास्त. दिवसांची मोजणी शून्यावर आणली नाही. वहीत नोंद केली आणि अठराव्या दिवशी पुढे चालू. पत्नीला एकच विनंती होती: तोंडाचा वास घेऊन तपासू नका, संध्याकाळी सोबत फिरायला जा.

वहीतलं पुढे सगळ्यांत उपयोगी पडलं. त्यांना भीती होती मित्रांच्या बैठकीची. पण एकोणीस नोंदींपैकी चौदा नोंदी रात्री आठ ते नऊच्या, घरी एकट्याच्या, कामावरून वैतागून आल्यानंतरच्या. शनिवार तसा सोपा गेला होता. म्हणजे दारू मैत्रीसाठी कमी आणि दिवसाचा राग उतरवायला जास्त लागत होती. पुढच्या भेटींमध्ये बोलणं त्या रागाबद्दलच झालं.

एकतिसाव्या दिवसाचा निर्णय अठ्ठाविसाव्या दिवशीच कागदावर उतरवला, कारण त्या दिवशी ‘साजरं’ करायला बसलं की जुनंच माप भरलं जातं. महिन्याभरात शरीराची सवय उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचे चार पेग आता खूप जोरात चढतात. त्यांनी लिहिलं: कामाच्या दिवशी नाही, एकट्याने नाही, शनिवारी मोजून ६० मिलीचे दोन. हे तीन आठवडे पाळता आलं नाही, तर पूर्ण बंद करण्यावर बोलायला यायचं. त्याची तारीख त्याच कागदावर घातली आणि खाली पत्नीनेही सही केली.