टर्बो शिट्टी मारतोय, ठरलेली ट्रिप करू का?

प्रश्न: दादा नमस्कार. माझी एकच गाडी आहे, सहा टायरची, स्वतःच चालवतो. पंधरा दिवस झाले टर्बोतून शिट्टी येतेय, आधी फक्त चढावर यायची, आता जरा रेस दिली तरी येते. मागून निळा धूर निघतो आणि चार-पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागतंय, खाली मात्र एक थेंब पडलेला दिसत नाही. मिस्त्रीने शाफ्ट हलवून बघितला, म्हणाला टर्बो जायला आलाय. नवीन टर्बो यायला पाच दिवस लागणार आणि परवा भरलेल्या गाडीने सहाशे किलोमीटरची ट्रिप ठरलीये. पार्टी जुनी आहे, नाही म्हणवत नाही. हळू चालवत, ऑइल बघत बघत गेलो तर चालेल का?

उत्तर: भाऊ, जाऊ नका. पार्टीला आजच फोन करा, परवा सकाळी नाही, म्हणजे त्यांना दुसरी गाडी बघायला वेळ मिळेल. जुनी पार्टी आहे म्हणता ना, मग एक ट्रिप दुसऱ्या गाडीने गेली तर समजून घेतील, पण त्यांचा माल अर्ध्या रस्त्यात अडकला तर ते कुणालाच परवडणार नाही.

आता का नको म्हणतोय ते सांगतो. खाली थेंब नाही आणि ऑइल कमी होतंय याचा अर्थ ते इंजिनमध्ये नाहीतर सायलेन्सरमध्ये जाऊन जळतंय. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे मारतो आणि तो नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, तो थर सांभाळणारं बेअरिंग झिजलं की शाफ्ट डुलायला लागतो, पाती घराला घासतात, सील जातं. इथपर्यंत सगळं हळूहळू होतं म्हणून आपल्याला वाटतं अजून वेळ आहे. पण शेवटचा टप्पा हळूहळू होत नाही, शाफ्ट तुटला की तुटला, आणि मग प्रेशरने येणारं ऑइल सरळ हवेच्या पाइपात.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हवा दाबून तापवली की आत जे जळण्यासारखं असेल ते पेटतं, मग ते डिझेल असो नाहीतर इंजिन ऑइल. तुम्ही चावी बंद करता तेव्हा फक्त डिझेल बंद होतं. ऑइल येतच राहतं आणि इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं, याला रनअवे म्हणतात.

हे मी स्वतः बघितलंय, तेव्हा मी वर्कशॉपमध्ये हाताखाली काम करायचो. अशीच शिट्टी मारणारी गाडी उभ्या उभ्या रेस देऊन बघत होते आणि एकदम आवाज चढायला लागला. ड्रायव्हरने चावी काढली. चावी त्याच्या हातात आणि इंजिनचा आवाज वरच चाललाय, पांढऱ्या-निळ्या धुरात शेजारचा माणूस दिसेना. उस्ताद कॅबिनमध्ये चढले, ब्रेक पूर्ण दाबला, टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल, पण चावी हातात धरून बसलेला तो ड्रायव्हर मला अजून दिसतो.

आता हेच भरलेल्या गाडीत, उतारावर, तुम्ही एकटे असताना झालं तर? घाबरून माणूस क्लच दाबतो किंवा न्यूट्रल करतो, आणि तीच चूक होते, इंजिनवरचा लोड सुटला की ते आणखी पळतं. गिअरमध्येच ठेवून ब्रेक दाबून धरायचा, शक्य तितक्या वरच्या गिअरला आणून बंद पाडायचं. हवेच्या पाइपाच्या तोंडावर हात कधीच लावू नका आणि इंजिनच्या बाजूला उभे राहू नका. हे सगळं सांगतोय ते माहीत असावं म्हणून, याच्या भरवशावर ट्रिप करा म्हणून नाही. आणि रनअवे नाही झालं तरी ऑइल वाहून गेलं की प्रेशर पडतं आणि क्रँकचे बेअरिंग जातात, म्हणजे टर्बोचं काम सोडून पूर्ण इंजिन खोलायची वेळ. डिपस्टिक तुम्ही थांबल्यावर बघणार ना, ऑइल जायला तेवढा वेळ लागत नाही.

पाच दिवस हातात आहेत तर एक गोष्ट नक्की करा, टर्बो कशामुळे गेला हे शोधा, नाहीतर नवीनही जाईल. इंजिन थंड असताना फिल्टरकडून येणारा होज काढा आणि पुढचा नट बोटात धरून शाफ्ट हलवा. वर-खाली अगदी थोडा हलला तर ते चालतं, पण आत-बाहेर जाणवण्याइतका प्ले नको, आणि पात्याच्या कडेला किंवा घराच्या आतून घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर विषय संपला. मग इंटरकुलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा, पाइप उघडा, आत ऑइलचा नुसता हात लावण्याइतका ओलावा बहुतेक गाड्यांत असतो, डबकं असेल तर तेच ऑइल तुम्ही लिटर लिटरने टाकताय. एअर फिल्टर चोक असला तरी ऑइल ओढलं जातं, टर्बोखालचा रिटर्न पाइप कचऱ्याने भरलेला किंवा दबलेला असला तरी ऑइल मागे साठून सीलमधून बाहेर पडतं, ब्रीदर, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी, तुंबला तरी तसंच. हे तिन्ही साफ करायला सांगा, ऑइल येणारा पाइप तर बदलूनच टाका.

नवीन टर्बो बसवताना इंटरकुलर काढून धुवून घ्या, मिस्त्री गरज नाही म्हणाला तरी. आत साचलेलं ऑइल आणि पात्यांचे तुकडे तसेच राहिले तर पहिल्याच रेसला इंजिनात जातील. स्टार्ट करायच्या आधी टर्बोला ऑइलचा पाइप जोडतात त्या भोकातून थोडं ऑइल ओता. आणि इथून पुढे चढ ओढून आल्यावर तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवून मगच बंद करा, तापलेल्या टर्बोत ऑइल थांबलं की जळून त्याचा कोळसा होतो. वर्कशॉप लांब असेल तर गाडी टोचन करून न्या.

प्रश्न: माझ्या छोट्या डिझेल ट्रकचा एक ग्लो प्लग गेलाय, सकाळी उशिरा स्टार्ट होते आणि थोडा वेळ पांढरा धूर देते, मग व्यवस्थित चालते. चालवू का?

उत्तर: खुशाल चालवा. ग्लो प्लगचं मुख्य काम थंड इंजिन स्टार्ट करायचं, तापल्यावर धूर जातोय आणि पिकअप बरोबर आहे तर वाटेत अडकणार नाही, फक्त बॅटरी आणि स्टार्टरवर जोर येतो म्हणून फार दिवस लांबवू नका. स्टार्टिंग स्प्रे मात्र मारू नका, तापलेल्या प्लगवर तो भडकतो. बदलताना इंजिन गरम असू द्या आणि प्लग निघत नसेल तर जोर लावू नका, हेडमध्ये तुटला तर छोटं काम मोठं होऊन बसेल.