टोरोंटोच्या थंडीत काँक्रीटचा बाक टिकवायचा असेल तर

सीलर, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून काँक्रीटला लावायचं द्रव्य, कुठलं घ्यायचं हे नंतर बघू, आधी पाण्याचं बोलूया. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. टोरोंटोत तर हिवाळाभर ते वितळतं, पुन्हा गोठतं, आणि दर वेळी काँक्रीटला आतून रेटा देतं. माझ्या पहिल्या बाकाची बैठक दुसऱ्याच मार्चमध्ये पापुद्र्यांसारखी सुटली. नखाने खरवडलं की खाली वाळू दिसायची. मिश्रण साच्यात सहज बसावं म्हणून मी पाणी वाढवलं होतं, तेच नडलं.

तुम्ही १० किलो सिमेंटला साडेचार लिटरच्या आतच पाणी घाला. घट्ट वाटलं तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं द्रव्य) वापरा. आणि एअर-एंट्रेनिंग मिश्रक अजिबात टाळू नका. त्याने ६ टक्क्यांच्या आसपास हवेचे सूक्ष्म बुडबुडे आत राहतात, गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळते. बैठकीला थोडा उतार हवा, कारण साचलेलं पाणीच शेवटी आत मुरतं.

ओतकाम उन्हाळ्यातच उरका, हे अगदी कळकळीने सांगतो. सात दिवस ओलं ठेवा, मग नीट वाळू द्या, त्यावर सायलेन सीलर. पायवाटेवर टाकायचं मीठ बाकाजवळ नको.